कुंतीचं गुपित, शारदेचं गोत्र आणि एक हक्कसोडपत्र

तुमचा प्रश्न असा : "खोटं बोलणं, लपवाछपवी आणि हाव यांनी माणसाचं नेमकं काय नुकसान होतं? साहित्यातली आणि खऱ्या आयुष्यातली उदाहरणं सांगाल का?"

आधी वाटलं, हा शाळेतल्या निबंधाचा विषय आहे, सोडून द्यावा. पण माझा धंदाच असा आहे की या तिन्ही गोष्टी रोज टेबलासमोर येऊन बसतात. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दस्त लिहितो. रजिस्टर ऑफिससमोर पत्र्याची शेड, त्यात एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि शाईचं पॅड. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र. सव्वीस वर्षं झाली. वडिलांना नाटकांचा नाद होता, तो मलाही लागला. महाभारत आजीनं कानावर घातलं, पुढे मी ते स्वतः वाचलं. तेव्हा माझं उत्तर या दोन्हींची भेळ असणार, चालवून घ्या.

खोटं कधी ना कधी उघडं पडतंच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कधी उघडं पडतं, हे. मी पाहिलंय की ज्याला कळायला हवं त्याला बहुतेक वेळा ते अशा दिवशी कळतं, जेव्हा त्याच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

कुंतीचंच घ्या. तिच्या गुपितात हाव नव्हती, हे आधी कबूल करू. लग्नाआधी मूल झालेली घाबरलेली पोर होती ती. तिनं मूल नदीत सोडलं आणि तोंड मिटलं. यात तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण नंतर कित्येक वर्षं ती गप्पच राहिली. शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात कर्णाला कूळ विचारून खाली मान घालायला लावली, तेव्हाही ती तिथेच होती. ती बोलली ते युद्ध तोंडावर आल्यावर. गंगेच्या काठी कर्ण सूर्याची उपासना करत उभा आहे, पाठ तापेपर्यंत त्याचा जप चालतो, आणि ही राजमाता त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत थांबून राहते, सुकलेल्या कमळांच्या माळेसारखी. महाभारतातली मला सगळ्यात जास्त हलवणारी जागा हीच. ज्या पोराला कधी पदराची सावली दिली नाही, त्याच्याच वस्त्राच्या सावलीत ती उभी आहे. आणि जे सांगायला आलीय ते आता त्याच्या काही उपयोगाचं नाही. दुर्योधनाचं मीठ त्यानं खाल्लंय. तो एवढंच म्हणतो, तुझे मुलगे पाचच राहतील, अर्जुन तरी राहील किंवा मी.

दुसऱ्यांदा ती बोलते ते युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी द्यायच्या वेळी. कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिराचं मग जे होतं ते वाचवत नाही. तो सांगतो की द्यूताच्या सभेत कर्ण वाटेल ते बोलत होता तेव्हा मला राग आला होता, पण त्याच्या पायांकडे नजर गेली आणि राग ओसरला. ते पाय आईच्या पायांसारखे दिसत होते आणि असं का, ते काही केल्या उमगत नव्हतं. म्हणजे सत्य त्याच्या डोळ्यांसमोर होतं, फक्त त्याचं नाव सांगणारं कुणी बोललं नाही. आणि मग हा धर्मराज संतापून शाप कुणाला देतो, तर सगळ्या स्त्रीजातीला, की यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. गुपित एकीचं आणि शिक्षा सगळ्यांना. शिवाय द्रोणांना मारायला 'अश्वत्थामा मेला' असं मोठ्यानं सांगून 'हत्ती' हा शब्द हळूच गिळणारा हाच, म्हणून तर आपल्याकडे 'नरो वा कुंजरो वा' ही म्हण पडली. त्यानं तरी हा शाप द्यायला नको होता!

कर्णाचं स्वतःचं खोटंही याच जातीचं. परशुरामाला ब्राह्मण असल्याचं सांगून विद्या घेतली. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपलेले, किड्यानं मांडी पोखरली, रक्त वाहिलं, पण हा हलला नाही, आणि त्या सोसण्यावरूनच ओळखला गेला. शाप काय मिळाला? विद्या लगेच गेली नाही. ऐन गरजेच्या घडीला ती आठवणार नाही, असा तो शाप होता. पुन्हा वेळेचाच हिशेब.

आता ज्या गोष्टीत सत्य वेळेवर पोचलं तिच्याकडे येतो, कारण ती आमच्याकडची आहे. गोविंद बल्लाळ देवल मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. कांचनभट पैशासाठी आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. 'म्हातारा इतुका न' हे पद आजही लग्नाघरी कुणीतरी चेष्टेत म्हणतंच. वधूवर एकाच गोत्राचे आहेत हे दडवलेलं असतं, ते ऐन मांडवात बाहेर येतं आणि लग्न मोडतं. कोदंड हा सुधारक तरुण त्यामागे असतो. मला मात्र त्याच्या पुढचा भाग जास्त खरा वाटतो. लग्न मोडलं म्हणून शारदा सुटत नाही. मांडवातून उठलेली मुलगी आता कोण करणार, म्हणून ती जीव द्यायला नदीवर जाते. कोदंड तिला वाचवतो, लग्न करतो, शंकराचार्यांची संमतीही मिळते, नाटक गोड होतं. पण हाव बापाची, कपट दीक्षिताचं, आणि पाण्यात उतरायची वेळ येते ती जिला कुणी काही विचारलंच नव्हतं तिच्यावर. देवलांनी हे बरोबर पकडलंय.

(जाता जाता : १९२९ च्या बालविवाहविरोधी कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात, तो या नाटकावरून नव्हे. अजमेरचे हरविलास सारडा यांनी ते विधेयक आणलं. मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. मीही कितीतरी वर्षं ते नाव देवलांच्या खात्यावर जमा करत होतो.)

पैशाच्या हावेचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण हवं असेल तर मुंबईतली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि खातेदारांना कळलं की पुढच्या सहा महिन्यांत खात्यातून एक हजार रुपये काढता येतील. पगाराचं खातं असो की निवृत्तीची पुंजी, हजारच. ती मर्यादा नंतर टप्प्याटप्प्यानं वाढवली. एचडीआयएल या बांधकाम गटाला दिलेली बुडीत कर्जं लपवायला हजारो खोटी खाती दाखवली होती. पोलिसांकडच्या तक्रारीत तो आकडा २१,०४९ आहे. सगळं वर्षानुवर्षं ताळेबंदात नीट बसवलेलं, आणि शेवटी बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकानंच रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून ते सांगितलं. तेव्हा ठेवींना विमा होता एक लाखाचा, तो पाच लाखांचा झाला फेब्रुवारी २०२० मध्ये. जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळायला दहा वर्षांपर्यंतची मुदत लागली. पंच्याहत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची मुदत म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा.

आता माझ्या टेबलाकडे.

तेंडुलकरांच्या 'गिधाडे'त म्हाताऱ्या बापानं लपवलेला पैसा काढून घ्यायला पोटची पोरं त्याला मारतात. लोक म्हणतात अतिरेक आहे. मी म्हणतो, मारहाणीपर्यंत जायची गरजच नसते. आमच्याकडे चहा मागवतात.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा केला, केंद्रानं २००५ मध्ये, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये बाप जिवंत असायला हवा असं नाही. त्या निकालानंतर माझ्याकडे बहिणींना घेऊन येणारे भाऊ वाढले, हा माझ्या टेबलापुरता अनुभव. बरेचदा बहीण जाणून-बुजून सोडते, कारण हिस्सा मागितला की माहेर तुटतं. तो तिचा निर्णय, त्यावर मी बोलणार नाही. मी सांगतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल.

त्याच वर्षाच्या शेवटी दोन पुतणे आत्याला घेऊन आले. आत्या सत्तरीच्या, नवी इरकल नेसलेल्या. घडी नुकतीच मोडलेली, पदराला अजून दुकानाचं स्टिकर. धाकट्यानं समोरच्या गाड्यावरून भजी आणि चहा आणला, आत्याच्या बशीत स्वतः ओतून दिला. थोरला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हक्कसोड करायचंय, आत्याला वारसाची सही म्हणून सांगितलंय, तुम्ही काय बोलू नका." गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा सगळं कागदावर लिहून आणलेलं. मी दस्त काढला. आत्यांनी विचारलं, "कशाची हो सही?" पुतण्या म्हणाला, "अगं, तात्या गेल्यात न्हवं, तुझं नाव लागाय नको का उताऱ्याला? हितं कर." नाव लागायला! कागद नाव काढायचा होता.

त्यांनी चौथीपर्यंतच्या अक्षरात, एकेक अक्षर थांबून, सही केली. प्रत्येक पानावर. एका पानावर नाव ओळीखाली घसरलं तर मला म्हणाल्या, "चालंल का दादा, का दुसरं पान देताय?" मी म्हटलं चालेल.

आमच्या दस्ताच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की सदर दस्त मी वाचून, वाचवून घेऊन, समजून, राजीखुशीनं, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून दिला असे. कॉम्प्युटरमध्ये ते आधीच असतं, आपल्याला टाइपही करावं लागत नाही. आत साहेबांनी विचारलं, दस्त कबूल आहे का. आत्या शिकवल्याप्रमाणे हो म्हणाल्या. फोटो झाला, मशीनवर अंगठा झाला. पुतण्यांनी ठरल्यापेक्षा दोनशे जास्त दिले, मी घेतले. फसवणूक त्यांची, मी आपला लिहिणारा, अशी मनाची समजूत मला तेव्हा घालता आली. घरी सांगितलंही नाही.

अडीच वर्षांनी त्या जमिनीतून रस्ता गेला. भूसंपादनाचा मोबदला आला, तो पुतण्यांच्या खात्यात. आत्यांच्या गावातल्या कुणीतरी उतारा काढून दाखवला तेव्हा त्यांना कळलं की आपलं नाव त्यात नाही. कोर्टात जायचं तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो, त्यामुळे मुदत होती. पण फसवणूक सिद्ध करायला हवी. पुतणे सांगणार नाहीत, साक्षीदार दोन्ही पुतण्यांचे मित्र. उरलो मी.

त्या एकट्याच आल्या, एसटीनं. तीच इरकल, आता धुवून विटलेली. खुर्चीत बसल्या, पिशवीतून दस्ताची नक्कल काढली आणि शेवटच्या पानावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. नातीनं वाचून दाखवलं होतं त्यांना. माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही मला हे वाचून दाखवलं हुतं का? मला तर आठवत न्हाई. वयानं इसरती मी, म्हणून इचारायला आले."

मी 'हो' म्हणालो.

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "मग माझंच चुकलं." जाताना शेडच्या तोंडाशी थांबून, परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. ते मात्र मी खरं सांगितलं. सव्वाचारची.