आधी आपली वाटी काढून ठेवा

प्रश्न: ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली, वय ४१. चार महिन्यांपूर्वी माझं वजन कमी करायचं, जठर लहान करण्याचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. वजन ११२ किलो होतं, आता ८९ आहे. पण अंगात त्राण नाही, आणि केस इतके गळतात की न्हाणीची जाळी रोज तुंबते. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. सगळ्यांची जेवणं आटोपली की दोन-अडीचला मी बसते. अर्धी भाकरी आणि भरीत, नाहीतर जी भाजी उरली असेल ती. भाकरी छातीत अडकते, मग पाणी पिऊन उतरवते. चारला एक केळं, पाचला परत चहा, रात्री दोन घास वरण-भात. सासूबाई म्हणतात, "इतलंसंच खास का वं माय?" त्यांना काय सांगू? आणि भरिताचा हंगाम आहे, भरीत सोडायचं का?

उत्तर: भरीत सोडू नका. हे आधी सांगून टाकते, कारण पत्राचा जीव तिथेच अडकलाय असं मला वाटलं. वांगं भाजलेलं, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचलेलं. इतकी मऊ भाजी तुमच्या पोटाला दुसरी मिळायची नाही. तेल आणि मिरची निम्म्यावर आणा, शेंगदाणे अख्खे न घालता कुटून घाला, एवढंच.

अडचण भरिताची नाही, अडीच वाजण्याची आहे.

तुमचा दिवस मी कागदावर मांडला. दोन चहांतलं दूध, टोस्ट, अर्धी भाकरी, केळं, रात्रीचं वरण, सगळं धरून प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतात. या ऑपरेशननंतर रोज निदान ६० ग्रॅम लागतात. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं. (आपल्या केळीच्या भागात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.) त्यात आधी भाकरी शिरली की डाळीला जागाच उरत नाही. मग शरीर गरज भागवायला स्वतःच्याच स्नायूंना हात घालतं. वजनाचा काटा खाली जाताना बघून घरचे खूश, पण त्यात चरबीबरोबर तुमची ताकदही चाललीय.

मी रावेरकडच्या शेतकरी घरात वाढले. माझी आई दुपारी शेवटी जेवायची. तोवर वरणात दोनदा पाणी पडलेलं असायचं आणि तळाची डाळ पुरुषांच्या पानात गेलेली असायची. तिच्या वाटीत हळदीचं पाणी यायचं, असं म्हटलं तरी चालेल. तिचं पोट अख्खं होतं, ती भाकरीवर भागवून न्यायची. तुम्हाला ते परवडणार नाही. म्हणून डाळ शिजली, घोटली, की तिच्यात पाणी घालायच्या आधी आपली वाटी काढून झाकून ठेवा. नैवेद्याचं आधी काढतो ना, तसंच. आणि अकरा-साडेअकराला ती खा. कुणाचं व्हायचंय, कुणाचं झालंय, हे बघू नका.

वाटीबद्दल थोडं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी घरची वाटी घेऊन यायला सांगते आणि पाणी भरून मोजते. कुणाची ९० मिलीची निघते, कुणाची २०० ची. "एक वाटी डाळ खाते" म्हणणाऱ्या दोघींत दुपटीचा फरक! तुम्ही साधारण १०० मिलीची एक वाटी ठरवा. चमचा उभा राहील अशी घट्ट मुगाची किंवा उडदाची डाळ त्या वाटीत सात ग्रॅमच्या घरात प्रथिनं देते.

आता दिवस असा लावून बघा. सकाळी चहा-टोस्टऐवजी ग्लासभर, म्हणजे २०० मिली दुधात फुटाण्याच्या डाळ्यांचं पीठ दोन चमचे, साखर न घालता, घोट घोट. साडेनऊच्या सुमारास ५० ग्रॅम पनीर कुस्करून, जिरं-मीठ लावून. यातच नऊ ग्रॅम आली. अकराला ती काढून ठेवलेली वाटी. दुपारी सोयाबीनच्या वड्या: कोरड्या १५ ग्रॅम घ्या, भिजवून, पिळून, बारीक करून भरितातच मिसळा, सासूबाईंना कळणारसुद्धा नाही. चारच्या केळ्याच्या जागी वाटीभर दही. संध्याकाळी परत डाळ, किंवा डुबुक वडे, म्हणजे रश्श्यात सोडलेले बेसनाचे वडे; रस्सा पातळ, तेलाचा तवंग काढलेला. झोपायच्या आधी दूध. एवढ्यात पन्नाशी गाठते. उरलेली दहा सर्जनने लिहून दिलेल्या प्रोटीन पावडरीतून घ्या. ती घेणं म्हणजे हार नव्हे.

भाकरी सगळ्यात शेवटी, पोटात जागा उरली तर. ज्वारीची नुसती भाकरी कोरडी म्हणून अडकते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची करा, पातळ थापा, त्यातली चतकोर डाळीत कुस्करून काला करा. कळण्यात उडीद असल्याने प्रथिनंही थोडी जास्त. प्रत्येक घास तोंडात खिरीसारखा होईपर्यंत चावायचा. जेवताना उचकी आली, नाक वाहायला लागलं किंवा छातीत दडपल्यासारखं झालं, की हातातला घाससुद्धा खाली ठेवायचा. पोट भरल्याच्या खुणा आता या आहेत, ढेकर नाही. अडकलेला घास पाण्याने ढकलणं मात्र आजपासून बंद. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, दिवसभरात घोट घोट करून दीड-दोन लिटर. आत्ता थंडी आहे म्हणून निभावतंय. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा गटागटा पिता येत नाही हे कळतं. बाटली बरोबर ठेवायची सवय आत्ताच लावा.

केसांचं म्हणाल, तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते बहुतेकांचे गळतात आणि पुढे परत येतात. पण प्रथिनं आणि लोह कमी असेल तर गळती लांबते, म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर. तिच्या मागेपुढे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब, नाहीतर दोन्ही वाया. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून मनाने घेऊ नका, उरलेल्या जठरालाही तिने अल्सर होऊ शकतो. आणि दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर "पचलं नसेल" म्हणत घरी बसू नका. बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं आणि ते थेट मेंदूवर जातं. त्याच दिवशी दवाखाना.

सासूबाईंना समजावू नका, कामाला लावा. "आत्याबाई, माझी घट्ट डाळ तेवढी तुम्ही काढून ठेवत जा." खाऊ घालायची हौस आहे, ती या वाटीत जाऊ द्या.

प्रश्न: मॅडम, वजनासाठी केलेल्या पोटाच्या बायपासला वर्ष झालं. घरची केळीची बाग. परवा वाटीभर शिकरण खाल्लं, तर पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, जुलाब. हार्टचा त्रास असेल का? (यावल)

उत्तर: वर्णनावरून हे डम्पिंग वाटतं. तरी छातीत दुखलं किंवा चालताना दम लागला असेल, तर ईसीजी काढून घ्या, पत्राच्या उत्तरावर विसंबू नका. बायपासमध्ये अन्न छोट्या पिशवीतून सरळ लहान आतड्यात उतरतं. शिकरणात केळं, दूध, वर साखर, सगळं पातळ आणि गोड. ते एकदम आतड्यात पडतं आणि आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं. काही जणांना हे दीड-दोन तासांनी होतं, हातपाय थरथरतात. तेव्हा रक्तातली साखर उतरलेली असते. तसं कधी झालं तर ग्लुकोमीटरवर मोजून आकडा लिहून ठेवा आणि सर्जनला दाखवा. शिकरण, उसाचा रस, रसवंतीवरचा मित्राचा आग्रह, तिन्हींना रामराम. केळं अर्धं, फार पिकलेलं नको, जेवणातली डाळ किंवा पनीर पोटात गेल्यावर. बागेच्या मालकाला केळं मोजून खायला सांगताना मलाही जीभ जड होते. आमरसाचंही हेच, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन चमचे, जेवणाच्या शेवटी.

प्रश्न: स्लीव्हला दीड वर्ष झालं, वजन हवं तेवढं उतरलं. सहा महिन्यांपासून व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या. हल्ली तळपायाला मुंग्या येतात. संबंध असेल का? (धुळे)

उत्तर: असू शकतो, दाट. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आणि पुढे शोषलं जायला जठरातलं आम्ल आणि तिथलाच एक स्राव लागतो, आणि तुमचं जठर आता थोडंच उरलंय. यकृतात साठा असतो म्हणून कमतरता लगेच दिसत नाही, वर्ष-दीड वर्षाने डोकं वर काढते. गोळ्या वजनासाठी नव्हत्याच, त्या जन्मभराच्या आहेत. या आठवड्यात बी-१२, फेरिटिन, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि त्यावर ताबा ठेवणारं पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घ्या. नुसती फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करू नका. तिने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. बी-१२ फार खाली असेल तर डॉक्टर इंजेक्शन देतील. मधुमेह असेल तर मुंग्यांचं तेही कारण असू शकतं, म्हणून साखरेचा रिपोर्ट बरोबर न्या. आणि बंद केलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घरात असतील तर तीही न्या, डोस कोणता होता ते त्यांना त्यावरून कळेल.