फोड आलेल्या थराच्या खाली आधी पाहावे

पोलादावरचा इपॉक्सी रंगाचा थर वर्षभरात फुगू लागला, की पहिला संशय रंगाच्या डब्यावर घेतला जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेक वेळा थराखाली, म्हणजे पृष्ठभागाच्या तयारीत सापडतो. कोकण किनाऱ्यावरच्या एका टाकीसाठी आम्ही ग्रिट ब्लास्टिंगने (म्हणजे हवेच्या दाबाने टणक कण पत्र्यावर मारून) ‘एसए अडीच’ दर्जाची, म्हणजे गंज व जुना रंग जवळजवळ पूर्ण निघालेली, स्वच्छता मिळवली होती, आणि तरीही पुढच्या पावसाळ्यानंतर तळाशी वाटाण्याएवढे फोड आले. त्यांतला एक सुरीने उघडला, तेव्हा आत पाणी होते आणि खाली काळसर गंज. खाऱ्या वाऱ्याने बसलेले क्षार ब्लास्टिंगने पूर्ण जातातच असे नाही, आणि थराखाली राहिलेले क्षार ओल आत ओढून घेतात. म्हणून ब्लास्टिंगआधी पत्रा गोड्या पाण्याच्या उच्च दाबाने धुवून घ्यावा आणि रंगापूर्वी ब्रेसल पॅच (पत्र्यावर चिकटवायची लहान चकती; तिच्यात पाणी सोडून क्षार विरघळवून मोजतात) लावून क्षारांची चाचणी करावी; ठेकेदार घाई करील, तिकडे लक्ष देऊ नये.

पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असल्याखेरीज सहसा काम सुरू करू नये, आणि ही नोंद सकाळी एकदाच करून थांबू नये, कारण सूर्यास्तानंतर उघड्यावरचा पत्रा हवेपेक्षाही थंड होऊ शकतो.

कडा, वेल्डचे सांधे व बोल्ट यांवर फवारणीआधी ब्रशने एक जादा हात द्यावा, कारण ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो व तेथे थर पातळ राहतो. रंगाच्या दोन हातांमधील कमाल अवधी उलटून गेला असेल, तर पृष्ठभाग खरवडल्याखेरीज पुढचा हात देऊ नये.