वाचकांचे प्रश्न : नगरपरिषदेची सूचना ऐकून वाचता यावी म्हणून

प्रश्न : मी खान्देशातील एका नगरपरिषदेत लिपिक असून संकेतस्थळावर सूचना टाकण्याचे काम माझ्याकडे आहे. मध्यंतरी एक अंध गृहस्थ घरपट्टीच्या खिडकीवर आले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, तुमची नोटीस माझा मोबाइल वाचूनच दाखवत नाही.” अक्षरे लहानमोठी करणारी आणि रंग बदलणारी पट्टी बसवली की संकेतस्थळ दिव्यांगांसाठी सुगम होते, असे एजन्सीचे म्हणणे आहे. तेवढ्याने भागेल का?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : तेवढ्याने भागणार नाही. त्या गृहस्थांना मोठ्या अक्षरांचा उपयोग नाही. त्यांच्या फोनमधील टॉकबॅक किंवा संगणकावरील एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर पानावरचा मजकूर वाचून दाखवतो, आणि त्यासाठी तिथे खरोखरीचा मजकूर असावा लागतो. मंददृष्टी असलेल्यांना अक्षरे मोठी करण्याची सोय त्यांच्या ब्राउझरमध्ये मिळतेच. म्हणून वरून बसवलेली पट्टी खालचा दोष जसाच्या तसा ठेवते.

हा दोष बहुतेक वेळा सूचना टाकण्याच्या आपल्या रोजच्या पद्धतीत असतो, आणि म्हणूनच तो दूर करणे एजन्सीपेक्षा आपल्या हातात अधिक आहे. कार्यालयात सूचना टंकलिखित होते, तिची प्रत काढली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो आणि मग ती स्कॅन करून पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढवली जाते. डोळ्यांना ती नीट दिसते; स्क्रीन रीडरच्या दृष्टीने मात्र ते एक छायाचित्र असते, ज्यात एकही अक्षर नाही. दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘पाणी’ हा शब्द टंकित केला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ‘आय, के, टिंब, के, एच’ ही इंग्रजी चिन्हे साठवली जातात आणि पडद्यावर त्यांना केवळ देवनागरी रूप मिळते. पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक ऐकू पाहणाऱ्याच्या कानावर मग ही निरर्थक अक्षरेच पडत राहतात. असे पान मी स्वतः हेडफोन लावून ऐकले आहे आणि ते दोन मिनिटांपेक्षा अधिक ऐकवले नाही.

उपाय साधा आहे. सूचनेचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, थेट पानावर लिहावा आणि सही-शिक्क्याची स्कॅन केलेली प्रत त्याखाली जोडावी. जुन्या सूचनांतील स्कॅनमधून यंत्राने मजकूर काढून घेता येतो, पण तो तपासल्याशिवाय टाकू नये. छपाई पुसट असली की देवनागरीतील १ आणि ९ यांची अदलाबदल होऊ शकते आणि करभरण्याची शेवटची तारीखच चुकते. प्रभागनिहाय वेळापत्रक चित्र म्हणून न टाकता खऱ्या तक्त्यात द्यावे आणि त्याच्या पहिल्या ओळीला शीर्षकओळ म्हणून नोंदवावे, म्हणजे ऐकणाऱ्याला ‘सकाळी ७’ ही वेळ कोणत्या प्रभागाची हे कळते. शब्दही लोकांच्या तोंडचे असावेत. घरी अहिराणी बोलणाऱ्या माणसाला ‘मालमत्ता कर आकारणी’पेक्षा ‘घरपट्टी’ चटकन कळते, आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांना तर सोप्या शब्दांचा आधार अधिकच लागतो.

एजन्सीकडे मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये हवी, नाहीतर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात मराठी वाचू लागण्याची शक्यता असते. अर्जातील प्रत्येक रकान्याला त्याचे नाव कोडमध्ये जोडलेले हवे. ते नसेल, तर मालमत्ता क्रमांक कुठे लिहायचा आणि मोबाइल क्रमांक कुठे, हे ऐकणाऱ्याला समजत नाही. साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) असावा. थकबाकी केवळ लाल रंगाने न दाखवता ‘थकीत’ असे लिहावे. सर्वसाधारण सभेच्या चित्रफितीत बोलणे लिहून दाखवणाऱ्या ओळी (कॅप्शन) असाव्यात, कारण कर्णबधिर नागरिकही करदाते आहेत. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २०२३ मधील तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ या संकेतस्थळांच्या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची एए ही मधली पातळी मागते. हीच अट कार्यादेशात लिहून घ्यावी आणि तिची पूर्तता झाल्याखेरीज अंतिम देयक मंजूर करू नये.

ही पूर्तता कशी तपासायची, असे आपण विचाराल. माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी घरपट्टी भरून पाहावी. त्यानंतर त्याच गृहस्थांना मानधन देऊन एक तास कार्यालयात बोलवावे आणि त्यांच्याच फोनवर नोटीस शोधायला सांगावे. ते कुठे अडतात हे शेजारी बसून पाहिलेत, तर कोणत्याही तपासयंत्राच्या अहवालापेक्षा अधिक कळेल.

प्रश्न : माझी बहीण पूर्ण अंध आहे. ऑनलाइन पाणीपट्टी भरताना चित्रातील अक्षरे ओळखून लिहायला सांगतात आणि ती तिथेच थांबते. तोंडी सांगून उपयोग झाला नाही. दाद कुठे मागावी?
— एक वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : आपल्या ताईंची तक्रार अगदी रास्त आहे. चित्रातील अक्षरांना ध्वनीचा किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा पर्याय देता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेची जबाबदारी सरकारवर टाकते. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेच्या निकषांना केवळ शिफारशीचे स्वरूप देणारा, याच अधिनियमाखालील नियमांमधील नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला बंधनकारक नियम करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

प्रथम नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना ताईंच्या नावाने लेखी अर्ज द्यावा. त्यात पानाचा पत्ता, दिनांक, वेळ, फोन व स्क्रीन रीडरचे नाव आणि त्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर थांबल्या हे लिहावे. शक्य असल्यास फोनच्या पडद्याचे आवाजासह रेकॉर्डिंग जोडावे. उत्तर आले नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जावे. हक्क नाकारल्याच्या तक्रारीची चौकशी त्यांना करता येते आणि त्यांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने काय कार्यवाही केली हे ३ महिन्यांत कळवावे लागते. मुख्याधिकाऱ्यांकडील अर्जाची शिक्का मारलेली पोच मात्र त्याच दिवशी मागून घ्यावी, कारण आयुक्तांकडे जाताना तीच सोबत जोडायची आहे.