विचारलं तर डोक्यात भरेल का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. गेले दीड-दोन महिने सारखी चिडचिड. चित्रं काढायची, ते बंद झालं. रात्रभर जागी असते आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत उठत नाही. परवा तिच्या वहीच्या मागच्या पानावर ‘मी नसले तरी कुणाला काय फरक पडणारे’ असं लिहिलेलं दिसलं. हे म्हणतात, वयाचा परिणाम आहे, लक्ष देऊ नकोस. ‘तुला जीव द्यावासा वाटतो का’ असं तिला सरळ विचारावंसं वाटतं, पण नसलेलं काहीतरी तिच्या डोक्यात भरवलं जाईल अशी धास्ती वाटते.

उत्तर : विचारा. अंक छापून येईपर्यंत थांबणं बरोबर नव्हतं, म्हणून तुम्हाला हे आधीच कळवलं. इथे लिहितेय ते बाकीच्या पालकांसाठी.

‘डोक्यात भरेल’ ही भीती माझ्यासमोर बसलेले बहुतेक आईबाप बोलून दाखवतात. ही गोष्ट तपासून पाहिली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल थेट विचारलं, दुसऱ्या गटाच्या प्रश्नावलीतून ते प्रश्न गाळले. दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार वाढलेले नव्हते. जी आधीच नैराश्यात होती, त्यांची घालमेल तर न विचारलेल्यांपेक्षा कमीच दिसली. मला याचं नवल वाटत नाही. जो विचार मूल महिनोन्‌महिने एकटं वागवतंय, त्याचं नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं की श्वास मोकळा होतो.

पण कसं विचारता, याला महत्त्व आहे. ‘तू असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं आणि मुलं ते गुपचूप परत देतात : ‘नाही.’ त्याऐवजी शेजारी बसा, समोरासमोर नको. म्हणा, ‘तुझ्या वहीतलं ते वाक्य मी वाचलं. तेव्हापासून मनातून जात नाहीये. तुला कधी जीव द्यावासा वाटतो का?’ आणि मग गप्प राहा. ही शांतता सहन होत नाही म्हणून आपणच बोलायला लागतो. तेवढं आवरा.

ती ‘हो’ म्हणाली, तर ‘आम्ही तुला काय कमी केलं?’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडू देऊ नका. तिथे तिचं बोलणं संपतं आणि तुमची समजूत काढण्याचं काम तिच्या गळ्यात पडतं. ‘सांगितलंस ते बरं झालं’ इतकं पुरे. मग शांतपणे एकेक विचारा. हे किती वेळा मनात येतं? कसं करायचं असं काही ठरवलंयस का? पूर्वी कधी प्रयत्न केला होतास का? मनात काही ठरलेलं असेल किंवा आधी प्रयत्न झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात न्या आणि तोवर तिला एकटं सोडू नका. तसं नसेल तरीही या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आणखी एक काम आजच करा. घरातली औषधं आणि रसायनं कुलपात ठेवा. जीव देण्याची तीव्र इच्छा बरेचदा थोडा वेळ टिकून ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानेच अनेक जीव वाचतात. ‘मनात असेल तर कुठूनही मिळवेल’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आता ‘वयाचा परिणाम’. तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. या वयात मुलं दारं आपटतात. पण या वयातलं नैराश्य रडक्या चेहऱ्यानेच येतं असं नाही. कितीदा ते चिडचिडीच्या रूपात येतं, आणि घर त्याला उद्धटपणा समजून ओरडत राहतं. मी आधी एवढंच विचारते : घरी फणफणणारी ही मुलगी मैत्रिणींमध्ये खुलते का? खुलत असेल, तर बहुधा वयच बोलतंय. पण आवडीची गोष्ट सुटली, झोप-भूक बिघडली, मैत्रिणी नकोशा झाल्या, अभ्यासात लक्ष लागेना आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चाललंय, तर तपासून घेईपर्यंत तो आजार समजावा. चित्रं सुटली हे तुम्ही लिहिलंत, ते मला चिडचिडीपेक्षा मोठं लक्षण वाटतं. थायरॉइड किंवा रक्ताची कमतरताही कधीकधी अशीच दिसते, तेही डॉक्टर पाहतील.

प्रश्न : मॅडम, मी सोळा वर्षांचा आहे. माझ्या जवळच्या मित्राने मला सांगितलं की त्याला जगायचं नाही. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय. मी रोज रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी चॅट करतो. सांगितलं तर तो माझ्याशी कायमचं बोलणं सोडेल.

उत्तर : शपथ मोड. आज. त्याला आधी सांग, ‘हे मी एकट्याने सांभाळू शकत नाही, म्हणून एका मोठ्या माणसाला सांगतोय. तुझ्याबरोबर मीही येतो.’ मग त्याचे आईवडील, शाळेतले समुपदेशक, तुझे स्वतःचे आईबाबा, ज्यांच्यावर तुझा विश्वास आहे त्यांना सांग. पहिल्या माणसाने ‘अरे, नाटकं करत असेल’ म्हणून उडवून लावलं, तर दुसऱ्याकडे जा, मग तिसऱ्याकडे. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही सेवा चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. त्याच्यासाठी काय करावं हे विचारायला तूही फोन करू शकतोस. तो आत्ता, या क्षणी धोक्यात आहे असं वाटलं, तर चॅट करत बसू नकोस, शेजारच्या खोलीतल्या मोठ्यांना उठव.

तो रुसेल, कदाचित खूप दिवस. त्यावर एक गोष्ट सांगते. जेरोम मोटो नावाचे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ होते. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. मजकूर साधा : तुम्हाला जाऊन बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल. सल्ला नाही, तपासणीची आठवण नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. तेव्हा मित्राने अबोला धरला तर त्याला असेच मेसेज पाठवत राहा. ‘मॅच बघितली, तुझी आठवण आली.’ बस. ब्ल्यू टिक आली का ते बघू नकोस. आणि ‘पॉझिटिव्ह विचार कर’ हे तर पाठवूच नकोस.

तुझ्या झोपेचं काय? तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात. मित्राची रात्रपाळी करणं हे तुझं काम नाही. ते मोठ्यांच्या हाती सोपव.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा. डॉक्टरांनी नैराश्यावर फ्लुओक्सेटिन सुरू केलं. पाकिटातल्या कागदावर ‘आत्महत्येचे विचार वाढू शकतात’ असं छापलंय. शिवाय सगळे म्हणतात सवय लागेल. बंद करू का?

उत्तर : परस्पर बंद करू नका. तो इशारा खरा आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये तो छापायला लावला. मुलांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा असे विचार किंवा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि औषध नसलेली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळलं. त्या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. दुसरी बाजूही बघा. त्याच वर्षी १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवरचा अभ्यास आला. बारा आठवड्यांत फ्लुओक्सेटिन आणि विचार-वर्तन समुपदेशन (विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारं) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, फक्त औषध घेणारे ६१ टक्के, खोटी गोळी घेणारे ३५. तेव्हा गोळीसोबत समुपदेशनही मागा.

दारूसारखी चटक या गोळीची लागत नाही. मात्र ती एकदम सोडू नये, डॉक्टर सावकाश कमी करतात. फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि नजर ठेवायची ती याच काळात आणि डोस बदलल्यावर. अचानक अस्वस्थपणा, एका जागी बसवत नाही, झोप उडाली, बोलणं फार वाढलं, मरणाचं बोलायला लागला, तर त्याच दिवशी फोन करा. गोळ्यांचं पाकीट तुमच्याकडे ठेवा, त्याला रोजची रोज द्या. आणि पुढची भेट महिन्यानंतरची दिली असेल, तर पहिल्या महिन्यात दर आठवड्याची वेळ मागून घ्या.