वाचकांचे प्रश्न : ग्राफीन, इपॉक्सी आणि रामन वर्णपट

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला असून इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिपातळ थरांचे, पापुद्रे मिसळून संमिश्र पदार्थ तयार करते. मिश्रणानंतर रामन वर्णपटात (नमुन्याने विखुरलेल्या लेसरप्रकाशातून अणूंची कंपने दाखवणाऱ्या आलेखात) डी आणि जी या शिखरांच्या तीव्रतेचे गुणोत्तर वाढलेले दिसते. ग्राफीन आणि इपॉक्सी यांच्यात रासायनिक बंध तयार झाल्याचा हा पुरावा मानता येईल का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यावरून तसे मानता येणार नाही. जी शिखर (सुमारे १५८० प्रति सेंटीमीटर) कार्बनच्या षटकोनी जाळीच्या कंपनांचे असते, तर डी शिखर (सुमारे १३५०) त्या जाळीत दोष किंवा कडा असल्या तरच उमटते. इपॉक्सीत ग्राफीन विखुरण्यासाठी आपण अल्ट्रासोनिकेशन (उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींचा मारा) करत असाल, तर त्यात पापुद्रे तुटतात, कडा वाढतात आणि एकही नवा बंध न जुळता गुणोत्तर वर जाते. म्हणून तेवढाच वेळ सोनिकेशन केलेल्या, पण इपॉक्सीत न मिसळलेल्या ग्राफीनचा वर्णपट आधी घ्यावा. ही तुलना नसलेले निष्कर्ष शोधनिबंधांत वारंवार दिसतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

आपल्याला खरे तर हे जाणून घ्यायचे आहे की, इपॉक्सीवर आलेला भार ग्राफीनपर्यंत पोहोचतो का. त्याचे उत्तर २७०० च्या आसपासच्या टू-डी शिखरात मिळते. ग्राफीन त्याच्या प्रतलात एका दिशेने एक टक्का ताणले गेले, तर हे शिखर सुमारे ६० प्रति सेंटीमीटर इतके खाली सरकते. नमुन्याची पट्टी थोडी थोडी वाकवत, पृष्ठभागावरचा ताण स्ट्रेन गेजने मोजत, प्रत्येक टप्प्यावर वर्णपट घ्यावा. शिखर ताणाबरोबर सरकत राहिले, तर इपॉक्सीने पापुद्रा धरून ठेवला आहे. एका मर्यादेनंतर ते सरकायचे थांबले, तर पकड सुटू लागली आहे, असे समजावे. पापुद्रे वेगवेगळ्या दिशांना पसरलेले असल्याने आपल्या नमुन्यात सरासरी सरक ६० पेक्षा कमी येईल, आणि त्यात वावगे काही नाही.

मात्र लेसरने नमुना तापला तरीही शिखर खालीच सरकते, त्यामुळे उष्णतेचा परिणाम ताणाचा म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. लेसरची शक्ती निम्मी करून शिखर जागेवरच राहते का, हे तपासावे आणि प्रत्येक सत्राआधी सिलिकॉनच्या ५२०.७ च्या शिखरावर उपकरण जुळवून घ्यावे. इपॉक्सीच्या प्रतिदीप्तीने (लेसर पडल्यावर त्यातून निघणाऱ्या प्रकाशाने) वर्णपट झाकला जात असेल, तर ७८५ नॅनोमीटरचा लेसर उपयोगी पडतो. पण डी शिखराचे स्थान आणि गुणोत्तर दोन्ही लेसरच्या तरंगलांबीनुसार बदलतात, म्हणून ५३२ नॅनोमीटरवर घेतलेल्या आकड्यांशी त्यांची तुलना करू नये.

इपॉक्सी पूर्ण पक्व झाले का, म्हणजे घट्ट होण्याची त्याची रासायनिक क्रिया संपली का, हे एफटीआयआरमध्ये (अवरक्त प्रकाश कुठे शोषला जातो हे दाखवणाऱ्या चाचणीत) ९१५ प्रति सेंटीमीटरच्या पट्ट्यावरून कळते. तो पट्टा इपॉक्साइड वलयाचा असतो आणि पक्व होताना ही वलये उघडत असल्याने पक्वतेबरोबर क्षीण होतो. ही तपासणी वाकवण्याच्या प्रयोगाआधीच उरकावी, कारण अर्धवट पक्व इपॉक्सीत पकड कमी आढळली, तर दोष ग्राफीनचा की इपॉक्सीचा, हे नंतर ठरवता येत नाही.