खंडेनवमीच्या आधी दौंड गाठ

पुणे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. रेल्वेच्या गावांतल्या चालीरीतींवर लिहायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. फक्त सुरुवात स्टेशनच्या इमारतींपासून केली आहेस, ती बदल. इमारती कुठे जात नाहीत. ज्या बायकांनी ड्यूटीचं बोलावणं घेऊन येणाऱ्या कॉलबॉयच्या हाका ऐकत संसार केले, त्या आता थकल्या आहेत. आधी त्यांना गाठ.

सनावळ्या पाठ असू देत, पण त्यात अडकू नकोस. खंडाळा-पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली, बोरघाटातली लाइन मात्र १८६३ मध्ये. मधली पाच वर्षं लोक घाट पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी ओलांडत. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. दौंडचं जंक्शन झालं आणि ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी अशी नाना ठिकाणची माणसं तिथे शेजारी झाली.

माझं सांगणं एवढंच, की या गावांत सण पंचांगात असतो, पण साजरा होतो ड्यूटी बघून. कॉलबॉय रात्री-अपरात्री वही घेऊन दारात उभा राहायचा. ड्रायव्हरने सही केली की घरात स्टोव्ह पेटायचा, डबा भरायचा, ड्रायव्हरच्या सामानाची पेटी म्हणजे लाइन बॉक्स बाहेर निघायचा. मग भाऊबीज दोन दिवसांनी आणि अभ्यंगस्नान भर दुपारी. याला कुणी तडजोड म्हणेल. मी परंपराच म्हणेन. वडील निवृत्त झाल्यावरही भाऊबीज सवडीनेच करणारी घरं मी पाहिली आहेत.

खंडेनवमी चुकवू नकोस. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगच्या खोलीपुढे पहारी, खडी ठोकायचे बीटर, नटबोल्टचे पाने, रुळांमधलं अंतर मोजायचे गेज धुऊन-पुसून ओळीने मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. लाइन चालूच असते, म्हणून एकजण झेंडी घेऊन रुळाकडे तोंड करून उभा असतो. त्याचा प्रसाद आधी बाजूला काढतात. नारळ कोण फोडतं तेही बघ. मुकादम, की सगळ्यात जुना गँगमन? त्यावरून गँगमधला मान कुणाचा, ते कळेल.

मात्र सगळं श्रेय रेल्वेला देऊ नकोस. अरुंद रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला निघाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. वारी त्याच्या कित्येक शतकं आधीची. पण ज्यांना पायी चालणं झेपत नव्हतं, त्यांना एकादशी गाठता येऊ लागली. मोठ्या लाइनवरून छोट्या गाडीत बसायचं ते कुर्डुवाडीला, म्हणून तिथल्या जुन्या माणसांना आषाढातल्या गर्दीबद्दल नक्की विचार. जुन्या कागदांत हे गाव ‘बार्शी रोड’ म्हणून सापडेल.

‘तुमच्या परंपरा सांगा’ असं विचारलंस तर माणसं शाळेतल्या निबंधासारखं बोलतात. ‘त्या दिवाळीला ड्यूटीवर कोण होतं?’ असं विचार. आणि एकट्या ड्रायव्हरकडे जाऊ नकोस. फाटकावरचा गेटमन आणि रूळ बदलणारा पॉइंट्समन यांच्या घरी सण कसा व्हायचा, हे फारसं कुणी विचारलेलं नाही.

पहिल्या मुलाखती झाल्या की वहीची पानं तशीच पाठव, टाइप करत बसू नकोस.

तुझे,
सर