वाड्यात कॉफी शॉप काढतोयस ना भाऊ, मंग आधी हे वाच

मस्त आयडिया आहे, पण घाई नोको. पहिले एक पावसाळा वाडा पाह्य, कुठं गळते, कुठं ओल चढते. सगळ्यात मोठी चूक म्हंजे चुन्याच्या भिंतीले सिमेंट मारनं, ओल आतच अडकते अन् पोपडे पडतात, मी स्वतः मारून बसलो होतो, दोन वर्षांत सगळं खरवडून परत चुनाच लावला.

- एस्प्रेसो मशीनले वेगळी वायरिंग अन् अर्थिंग, जुन्या लाइनवर नोको.
- जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असन तं 100 मीटरात नवीन बांधकाम बंद, रिपेरिंगलेही परवानगी लागते.
- सागवानी खांबाले ऑइलपेंट नोको.

इंटिरियर नंतर पाहू. चिखलदऱ्याची कॉफी मात्र ठेवजो, आपलीच आहे.